लेकरू उशिरा रडलं, उशिरा बसलं... सेरेब्रल पाल्सी कशी ओळखायची? घरच्यांनी काय बघायचं, डॉक्टरला काय सांगायचं

छत्रपती संभाजीनगर : "बाप पण दोन वर्षांचा होऊन चालला होता, हे पण चालंल." कन्नड असो, पैठण असो की सिल्लोड, आपल्या गावागावात हे वाक्य ऐकायला मिळतं. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण काही लेकरांच्या बाबतीत या एका वाक्यापायी वर्ष-दोन वर्षं निघून जातात. पहिली दोन वर्षं मेंदू सगळ्यात जोरात वाढत असतो, आणि व्यायाम-उपचाराचा फायदाही तेव्हाच जास्त होतो. म्हणून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे डॉक्टर ज्याला नुसतं 'सीपी' म्हणतात, ती काय असते आणि घरच्या घरी तिचा संशय कसा घ्यायचा, ते आज पाहू.

सीपी हा हातापायाचा आजार नाही. हातपाय ठीकच असतात, बिघाड मेंदूत असतो. पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. मग तो भाग हातापायांना, मानेला, जिभेला नीट हुकूम देऊ शकत नाही. मेंदूतली ही इजा पुढे वाढत नाही. मात्र लेकरू वाढतं तसे आखडलेले स्नायू आणखी ओढले जातात, आणि घरच्यांना वाटतं की आजारच वाढला. हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना सीपी असते. मोठ्या गावात असं एखादं तरी लेकरू असतंच, फक्त त्याला लोक 'पोलिओ झालाय' म्हणतात.

हे आधी डोक्यातून काढा. भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओत पाय लुळा, ढिला पडतो. सीपीत बहुतेक वेळा उलटं होतं, पाय ताठ होतो, आखडतो. पोलिओचे सगळे डोस घेतलेल्या लेकरालाही सीपी असू शकते आणि त्यात डोसाचा काही दोष नसतो.

डॉक्टर आधी प्रश्न का विचारतात

बरेच पालक म्हणतात, डॉक्टरनं लेकराला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. ते बरोबरच करतात. सीपी दाखवणारी रक्ताची एखादी तपासणी नाही. मेंदूचा एमआरआय उपयोगी पडतो, पण सीपी असलेल्या काही मुलांचा एमआरआय अगदी साफ येतो. म्हणून निम्मं निदान तुमच्या सांगण्यावर होतं. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी 1862 साली अवघड बाळंतपण आणि मुलांच्या आखडलेल्या पायांचा संबंध मांडला, तोही घरच्यांकडून जन्माची हकीकत गोळा करूनच. बरीच वर्षं या आजाराला त्यांच्याच नावानं ओळखत होते.

मग काय सांगायचं? गरोदरपणात ताप आला होता का, अंगावरून गेलं होतं का, बीपी वाढलं होतं का, जुळं होतं का. बाळ कितव्या महिन्यात झालं आणि वजन किती होतं. नवव्या महिन्याच्या बऱ्याच आधी, दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळांना धोका जास्त असतो. जन्मल्याबरोबर रडलं का, की पाठ चोळावी लागली, ऑक्सिजन द्यावा लागला? निळं पडलं होतं का? काचेच्या पेटीत किती दिवस होतं, दूध ओढत होतं की नळीनं द्यावं लागलं? पहिल्या आठवड्यात झटके आले का? नंतर मेंदूज्वर झाला का, डोक्याला मोठा मार लागला का? घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, नवरा-बायको नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, त्यात लपवण्यासारखंही काही नाही. सीपीसारखे दिसणारे काही आजार मात्र घराण्यातून येतात, म्हणून डॉक्टर ते विचारतात.

काविळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे. नव्या बाळाला थोडी कावीळ बहुतेक वेळा होते आणि जाते. पण पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला, किंवा तळहात-तळपायापर्यंत उतरला, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कावीळ फार चढली तर ती मेंदूत जाते. अशा लेकराचे हातपाय पुढे आपोआप वाकडेतिकडे हलत राहतात, आणि बऱ्याचदा ऐकूही कमी येतं. दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवून हे वेळेत थांबवता येतं.

आणखी एक. बाळ जन्मतः रडलं नाही म्हणजे सगळा दोष बाळंतपणाचा, असं दर वेळी नसतं. कित्येकदा मेंदूला इजा पोटातच झालेली असते, आणि काही मुलांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. 'ग्रहणात भाजी चिरली', 'चौथ्या महिन्यात माहेरी गेली' असं म्हणत सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. आईला बोल लागले की ती पुढे डॉक्टरलाही खरं सांगत नाही.

घरात दिसणारी लक्षणं

तीन महिने होऊन गेले तरी मूठ घट्ट आवळलेली आणि अंगठा मुठीच्या आत. चार महिने झाले तरी मान लटपटते. लंगोट बदलताना मांड्या फाकवता येत नाहीत. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि फक्त बोटं टेकतात. आजीला वाटतं, 'पाय किती कडक, लवकर चालणार!' हा कडकपणा ताकदीचा नाही. काही लेकरं याच्या उलट, कापसासारखी ढिली असतात. काखेत धरून उचललं की हातातून निसटतात की काय असं वाटतं. काही मागे धनुष्यासारखी ताठतात आणि कडेवर राहत नाहीत.

बाळ एकाच हातानं खेळणं घेतं, दुसरा हात अंगाशी धरून ठेवतं, याकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. उलट 'डावखुरा होणार' म्हणून कौतुक होतं. वर्षाच्या आत बाळ दोन्ही हात सारखे वापरतं. त्या वयात एक हात मागे राहत असेल तर दाखवायला हवं. रांगताना एक बाजू ओढणं हे त्याच प्रकारचं लक्षण. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, किंवा चालतं पण कायम चवड्यावर, तर 'होईल' म्हणून थांबू नका.

दूध पिताना ठसका लागणं, प्रत्येक घास अर्धा तास चघळणं, वय वाढलं तरी सतत लाळ गळणं, ही लक्षणंही यातलीच. अशा लेकराला आडवं पाजू नका. दूध छातीत उतरून वारंवार न्यूमोनिया होतो. बसतं धरून, मान थोडी पुढे ठेवून भरवा.

दिवस कमी असलेल्या बाळाचं वय मोजायची रीत वेगळी आहे. दोन महिने आधी जन्मलेलं लेकरू आज पाच महिन्यांचं असेल, तर त्याला तीन महिन्यांचं धरून बघायचं. नाहीतर उगाच घाबराल. पण हा हिशेब करूनही मागे वाटलं, तर थांबायचं कारण नाही.

दोन गोष्टींत तर आठवड्याचीही वाट बघू नका. पहिली, आधी बसणारं, हसणारं लेकरू ते करायचं सोडून देतं. सीपीत असं सहसा होत नाही. तो दुसरा आजार असू शकतो आणि त्यातल्या काहींना औषध आहे. दुसरी, तीन ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक 'दचकतं', मान पुढे टाकतं, हात वर फेकतं, काही सेकंद थांबतं, पुन्हा तसंच. दहा-वीस वेळा. घरचे म्हणतात पोटात दुखतंय, वारं लागलंय. ते मेंदूतले झटके असू शकतात, आणि औषध सुरू व्हायला जेवढा उशीर तेवढं नुकसान. अशा वेळी मोबाइल काढा आणि व्हिडिओ करा. डॉक्टरसमोर बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं, तेव्हा तो एक मिनिटाचा व्हिडिओ हजार शब्दांचं काम करतो. बसणं, रांगणं, घास गिळणं यांचेही छोटे व्हिडिओ ठेवा.

कुठं जायचं

सुरुवात अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलांना तपासतं. वाढ मागे पडणं त्यांच्या यादीत आहे. पथक येईपर्यंत थांबायची गरज नाही, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून चिठ्ठी घेऊन थेट जाता येतं. शहरात घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे. निदानाचं नाव पक्कं होईपर्यंत व्यायाम थांबवायचा नसतो. संशय आला तेव्हापासूनच फिजिओथेरपी सुरू करता येते. कान, डोळे आणि खुब्याचे सांधे तपासून घ्या, कारण या मुलांत तिरळेपणा, कमी ऐकू येणं आणि खुबा सरकणं बरंच आढळतं.

मूल बोलत नाही म्हणजे त्याला समजत नाही, असं नाही. सीपी असलेल्या बऱ्याच मुलांची बुद्धी चांगली असते. मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून सीपी आहे. त्यांच्या आई डॉ. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मालिनी पुढे शिकल्या आणि एका बोटानं टाइप करून त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्या आईकडे शिक्षण आणि साधनं होती, हे खरं. पण आपल्या लेकराला समजतं हे तिनं आधी ओळखलं, त्याला पैसा लागत नाही.

सीपी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येते. यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत या मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही खर्च धरलेला आहे.

आता फसवणुकीबद्दल. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात आपल्या सीमेपलीकडं कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूर गावात काही पालकांनी दिव्यांग लेकरांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं, बरं होतं म्हणून. आपण त्यांना हसतो. पण शेत गहाण टाकून 'स्टेम सेल'चं इंजेक्शन घेणारे शिकलेले लोकही आहेतच. सीपीवर स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची नियमावली अशा विक्रीला परवानगी देत नाही. आखडलेला पाय जोरानं ताणून मालिश करणं, चटके देणं, यातून इजाच होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक शेवटचं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि दवाखान्यातून सुटी मिळतानाचा कागद, ज्यावर वजन, रडण्याची वेळ, पेटीतले दिवस लिहिलेले असतात, तो फडावर हमखास हरवतो किंवा भिजतो. निघायच्या आधी दोन्हीच्या सगळ्या पानांचे फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. कारखान्यावरच्या डॉक्टरला तेच दाखवायचे.