दोषातून जन्मलेला नाद

तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर तिचा स्वर कोरडा वाटतो. घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लागली, म्हणजे त्याच स्वरास गुंजन येते. मिरजेचा कारागीर ही जवारी शेवटी कानानेच ठरवितो. मंदिरातील भजनाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, अशा विजेच्या गिटारच्या इतिहासातही कानाच्या या अधिकाराचीच कथा आढळते.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता यंत्रात बिघाड झाला आणि ग्रॅडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या खर्जातील गिटारचा स्वर फाटून, घरघरत उमटला. तो टाकून न देता तसाच राखला गेला आणि १९६१ साली ते गीत लोकप्रिय झाले. पुढे ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्या सहकार्याने तोच दोष ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने हेतुपुरस्सर घडविला. त्यावरून गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' ही पायाने दाबून चालवावयाची पेटी विक्रीस आणली. तिचा खरा बोलबाला मात्र १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतामुळे झाला.

या पेटीचे मर्म असे, की गिटारमधून येणारी विद्युत्-लहर ट्रान्झिस्टरला पेलवणार नाही इतकी वाढविली जाते. मग तिचे माथे छाटले जातात आणि मूळ नादात नसलेले उपस्वर प्रकट होतात.

आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. एकाच नावाच्या दोन नगांचे गुण सारखे नसत. शिवाय उष्णतेने ते बदलत. म्हणून लंडनच्या 'फझ फेस' (१९६६) या गोल पेटीचा एक नग मधुर, तर दुसरा निस्तेज निघे. पुढे सिलिकॉनने एकसारखेपणा आणला. परंतु स्वर अधिक तीक्ष्ण झाला. त्या जुन्या मार्दवाच्या ओढीने काही कारागिरांनी जर्मेनियमचा एकेक नग मोजून, जोड्या जुळवून आणि वाजवून पाहून हाताने पेट्या बांधण्याचा मार्ग धरला.

हस्तनिर्मित पेट्यांची कीर्ती कोठवर गेली, हे बिल फिनेगन यांच्या 'क्लॉन सेंटॉर'वरून दिसते. १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षांत अशा जवळजवळ ८,००० पेट्या तयार झाल्या. आतील रचना कोणास कळू नये म्हणून तिच्यावर घट्ट लेप असे. तरीही ती उलगडली गेली आणि स्वस्त प्रतिकृती निघाल्या. २०१२ मध्ये स्वतः फिनेगन यांनीही 'केटीआर' ही नवी पेटी कारखान्यात बांधवून घेतली.

यावरून एवढे स्पष्ट होते, की लेपाखाली झाकलेली विद्या फार काळ झाकलेली राहत नाही. आराखडा कोणासही उतरवून घेता येतो. परंतु मूठभर जर्मेनियमच्या नगांतून गोड बोलणारे दोन कोणते, हे आराखडा सांगत नाही. तेथे कान तयार असावा लागतो, आणि तो ज्याचा त्यानेच घडवावा लागतो.