मुहतसिबाचा तराजू

चांगल्याचा आग्रह धरावा आणि वाइटाला अटकाव करावा, हे इस्लामने सांगितलेले कर्तव्य. त्याचे नाव निघाले की आज कपड्यांवर आणि वागणुकीवर पहारा ठेवणारे पोलीस आठवतात. इतिहास मात्र आपल्याला आधी बाजारात नेतो. अब्बासी खलिफांच्या काळात या कर्तव्याला मुहतसिब या अधिकाऱ्याचे रूप आले. वजनेमापे तपासणे, भेसळ पकडणे, वाट अडवणारे बांधकाम हटवणे, जनावरावर जादा ओझे लादू न देणे, ही त्याची कामे. दुबळ्या गिऱ्हाइकाला मिळालेला तो आधार होता.

यावर आक्षेप येईल की मुहतसिब नीतीचा पहारेकरीही होता. औरंगजेबाने १६५९ मध्ये त्याला दारू आणि जुगाराच्या बंदोबस्तासाठीच नेमले. हे खरे आहे. पण त्याच्या कितीतरी आधीच, ११११ मध्ये निवर्तलेल्या धर्मपंडित गझालीने या कर्तव्याला कुंपण घातले होते : चूक उघड दिसणारी हवी, घरात डोकावून शोधलेली नको, शास्त्रकारांत मतभेद असेल तिथे सक्ती नको, आधी समजूत, बळ शेवटी. म्हणजे संयम हा कर्तव्याचाच भाग होता. शिवाय पोर्तुगालच्या ख्रिस्ती राज्याने हेच पद ‘अल्मोतासे’ नावाने पुढे चालवले आणि गोव्याच्या नगरपालिकेतही आणले. धर्म बदलला तरी टिकला तो तराजू. या परंपरेचे खरे मोल त्यातच आहे.