सँडो बनियन, खाशाबा आणि ७९ सेंटीमीटरची छाती

अर्जुनी मोरगावात कपड्याच्या दुकानात जाऊन "सँडो द्या" म्हटलं की दुकानदार बिनबाह्यांचा बनियन काढतो. हा सँडो खराखुरा माणूस होता बरं का. युजेन सँडो, जन्म १८६७, गाव प्रशियातलं कोनिग्सबर्ग. जिममध्ये रोज चालणारा "ताकद वाढवू की साइज?" हा वाद बऱ्याच अंशी त्याच्याच काळातला.

आपल्या तालमीत आधी हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. जोर, बैठका, मुद्गल, करेला, मलखांब. दंडाचा घेर किती, यापेक्षा कुस्ती मारली का, हे महत्त्वाचं. गंमत बघा, शेकडो जोर-बैठका म्हणजे आजच्या भाषेत हाय व्हॉल्यूमच. अंग भरायचं, पण कामाच्या ओघात. आपल्या विदर्भातलंच अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथली मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवायला गेली होती. दाखवली ती कसरत.

सँडोनेही सुरुवात जड वजनं उचलून, साखळ्या तोडूनच केली. मग लक्षात आलं की लोक करामतीपेक्षा त्याच्या शरीराकडेच जास्त बघतात. १४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने स्पर्धा भरवली आणि निकाल लावला तो पिळदार शरीरावर, उचललेल्या वजनावर नाही. परीक्षकांत कोण? शेरलॉक होम्सवाले आर्थर कॉनन डॉयल! पुढे सँडो भारतातही दौरा करून गेला. नाव मात्र बनियनवर उरलं.

१९५२ साली हे दोन्ही रस्ते एकदम दिसतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या आत, कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आइच, उंची पाच फुटांच्या आत, मिस्टर युनिव्हर्स झाले. खाशाबांना साइज वाढवून चालणारच नव्हतं, वजनगट हुकला असता. आइचना साइजशिवाय भागणार नव्हतं. माझ्या मते आपला सगळा विषय या दोघांत आला.

सेट-रेप्सचा हिशेब मात्र एका डॉक्टरचा. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करत होते. जेमतेम १० वेळा उचलता येईल एवढं वजन, दहा-दहाचे सेट. सुरुवातीला सात ते दहा सेट असायचे, १९४८ पर्यंत ते तीनवर आले: एक अर्ध्या वजनाचा, एक पाऊण, एक पूर्ण. जिममधलं "तीन सेट, दहा रेप्स" बहुतेक तिथूनच आलंय.

आता तुमच्याकडे वळू. पाच-पाच रेप्सचं जड स्क्वॉट-डेडलिफ्ट करून ताकद आली, आता अंग भरायचंय. मग वजन थोडं उतरवा, रेप्स ८ ते १२ वर न्या. तीन-चार मिनिटांची विश्रांती दीड-दोनवर आली तरी चालेल. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास सेट पडू द्या. शेवटचे एक-दोन रेप्स खरंच जड गेले पाहिजेत, नाहीतर नुसती हातवारी. प्रोटीन शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. नुसत्या भातावर ते होत नाही. अंडी, चणे, सोयाबीन आणि तलावातले मासे आपल्याकडे आहेतच, डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवायची घाई नको.

पोलीस भरतीवाल्यांनो, तुम्ही मात्र थांबा. मैदानी तोंडावर असेल तर हा बदल आत्ता करू नका. अंगावर चढलेले दोन-तीन किलो १६०० मीटरला तुम्हीच ओढणार, आणि ७.२६० किलोचा गोळा लांब जातो तो झटक्याच्या ताकदीने. भरती झाली, की मग करा. राहिली छाती. न फुगवता ७९ सेंटीमीटर हवी, ती बेंच प्रेसने आणि नीट जेवणाने भरते. फुगवल्यावरचे ५ सेंटीमीटर मात्र फासळ्या आणि श्वासाचं काम. त्यासाठी टेप घेऊन मित्राला समोर उभं करा आणि रोज सकाळी पूर्ण श्वास भरून मोजा.