सत्त्याण्णव सालची झाडलोट

घराची मोठी झाडलोट वर्षातून केव्हा करावयाची, हे बहुतेक देशांत पंचांगापेक्षा हवामानच ठरवीत आले आहे. थंड मुलखात चार-चार महिने दारेखिडक्या घट्ट लावून घ्याव्या लागतात आणि आत लाकूड किंवा कोळसा जळत असतो. भिंतींवर काजळी धरते, अंथरुणे कुबट होतात. वसंताचे पहिले ऊन पडले, की सारे घर अंगणात येते. इराणात नवरोजपूर्वीच्या या कामाला जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘घर हलविणे’ असा आहे. ज्यू लोकांना वल्हांडण सणापूर्वी घराच्या कोनाकोपऱ्यांतून खमिराचा कण न् कण शोधून बाहेर काढावा लागतो. आमच्या ठाण्यातील बेने इस्रायल समाज घरात मराठी बोलणारा. त्यांचे शार हाशमाइम हे प्रार्थनामंदिर १८७९ पासून येथे उभे आहे. वल्हांडणाच्या आधी घराला सफेदी द्यावयाची आणि तांब्यापितळेची भांडी कल्हई करून घ्यावयाची, ही या समाजाची जुनी रीत.

आम्हां इतरांचा कडक ऋतू हिवाळा नव्हे, तो पावसाळा. कोकणपट्टीत चार महिने भिंतींना ओल आणि कपड्यांना बुरशी. साहजिकच आपली मोठी झाडलोट दसरा-दिवाळीला येते. जाळीजळमटे काढावयाची, भिंतींना चुना व गेरू द्यावयाचा, जमीन सारवावयाची, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिचीच लक्ष्मी म्हणून पूजा करावयाची. चैत्र-वैशाखातली गडबड निराळी असते. कौले परतणे, घर शाकारणे, गाद्या आणि धान्य उन्हात घालणे, ही सारी येणाऱ्या पावसाची तयारी. हिवाळ्याने घर खराब केले, अशी तक्रार आपल्या आज्या-पणज्यांनी कधी केल्याचे आठवत नाही.

तथापि महाराष्ट्राच्या इतिहासात एक हिवाळा असा येऊन गेला, की त्याच्यानंतर वसंतात घरेच्या घरे धुवून काढली गेली. तो १८९६–९७ चा हिवाळा. ती झाडलोट लोकांनी केली नाही. लोकांच्या घरांत शिरून सरकारने केली. तिची हकीकत आज सांगावयाची, कारण तिच्यात यशापयशाचे जे धडे आहेत ते अजून जुने झालेले नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिज्वराचा म्हणजे प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. थंडी वाढली तसा रोग वाढला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. तिच्यातील निम्म्याच्या आसपास माणसे त्या हिवाळ्यात शहर सोडून गेली असा अंदाज आहे. मुंबईहून देशावर जाणारा लोहमार्ग ठाणे-कल्याणवरूनच जातो. तेव्हा ही पळापळ आमच्या गावांच्या डोळ्यांदेखत झाली असली पाहिजे.

रोगाचा जंतू अलेक्झांद्र येर्सिनने हाँगकाँगला १८९४ मध्येच शोधला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा आणि दमट जमीन यांतून रोग उपजतो, हीच त्या काळच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत. म्हणून त्यांनी झाडू हाती घेतला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला व सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. मुंबईत गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले. घरांना चुना फासला गेला. काही ठिकाणी आत ऊन यावे म्हणून छपरावरची कौले उतरवली, मातीच्या जमिनी उकरल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांची खूण करण्यात आली. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उजेड आणि चुना या दोन्ही गोष्टी आपल्या घरात काही नव्या नव्हत्या.

पुण्याला हेच काम वॉल्टर रँड याच्याकडे होते, आणि मार्चपासून मेपर्यंत ते गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांकरवी झाले. रोगी हुडकण्यासाठी सैनिक घरोघर शिरत. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद राहिला नाही. संशयित घरातील कपडेलत्ते व चीजवस्तू बाहेर काढून जाळण्यात येत. आपल्या घरात केरसुणीला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. तेथे बुटांसकट आलेल्या माणसाने घर स्वच्छ केले असे सांगितल्यावर घरधनिणीस काय वाटले असेल, हे तर्कानेच जाणावे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधूंची ती कथा सर्वांना परिचित आहे.

त्याच दिवसांत पुण्याजवळ दुसऱ्या प्रकारची सेवाही चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला हात लावणारी माणसे आणि रोग्याच्या घरावर चालून जाणारी माणसे, अशी दोन्ही त्या एकाच वसंतात पुण्यात होती.

आता या झाडलोटीचे फळ काय, ते पाहू. मे महिना आला आणि साथ ओसरली. झाडू चालविणाऱ्यांना वाटले, झाडूने काम केले. परंतु पावसाळा सरून पुढला गारवा सुरू होतो न होतो तोच रोग पुन्हा उठला, आणि नंतरची कित्येक वर्षे असाच उठत-बसत राहिला. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

असे का झाले, याचे उत्तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दिले. प्लेग हा आधी उंदरांचा रोग. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले कलेवर सोडतात आणि दुसरा आसरा शोधू लागतात. उंदीर उरले नाहीत तर माणसाला चावतात. सिमाँचे म्हणणे प्रथम कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम करून ते खरे असल्याचे दाखवून दिले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग नावाचे प्राणी सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा गोळा होतात, हेही या संशोधकांनी मोजले. उन्हाळा चढला की पिसवा कमी होतात आणि त्यांच्याकडून रोग पसरण्याचे प्रमाणही घटते, असे आढळून आले.

या दृष्टीने सत्त्याण्णव सालाकडे पाहिले म्हणजे हिशेब लागतो. रोग भिंतीत नव्हता, तेव्हा चुन्याने तो जाणार नव्हता. तो गटारातील पाण्यातही नव्हता. उलट गटारात कार्बोलिक ओतल्यावर तेथील उंदीर निवाऱ्यासाठी घरांकडेच वळले असतील, असे म्हणावयास जागा आहे. साथ ओसरली ती बव्हंशी वैशाखाच्या उन्हाने, आणि श्रेय गेले कार्बोलिकला. मांडवीच्या वखारींत धान्याची पोती होती, पोत्यांत उंदीर होते. खरी झाडलोट तेथे हवी होती.

सामान्य लोकांना मात्र एक गोष्ट अनुभवाने समजली होती. गावात ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडावयाचे, आणि रानात झोपड्या घालून राहावयाचे. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. सरकारनेही पुढे जबरदस्ती सैल केली आणि गावाबाहेर राहण्यावर व हाफकीन यांच्या लशीवर भर दिला. हाफकीन यांनी ती लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

सारीच खटपट वाया गेली असे मात्र नव्हे. उंच, अंधाऱ्या, माणसांनी खच्चून भरलेल्या चाळींकडे कायद्याचे विशेष लक्ष गेले, ते या साथीमुळे. १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा शहरात खेळावी म्हणून त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला नवी वस्ती आखली. पुढे त्याच्या अधिकाऱ्यांनी प्रकाशाचा एक कोन पुरस्कारिला, साडेत्रेसष्ट अंशांचा. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा, की इमारत जेवढी उंच असेल त्याच्या निम्मी तरी जागा तिच्यासमोर मोकळी हवी, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसेल. प्लेगचे कारण त्यांना नीट कळले नव्हते, पण उजेडाची मागणी योग्य होती. क्षयासारख्या रोगांच्या बाबतीत तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु दाट वस्त्या पाडताना हटविलेल्या गरिबांना तेवढ्या प्रमाणात नवी घरे मिळाली नाहीत, आणि तेच लोक शेजारच्या चाळींत जाऊन दाटले, हाही त्याच मंडळाचा इतिहास आहे.

या साऱ्या गोष्टी फार जुन्या झाल्या, असे कोणी म्हणेल. पण १८९७ चा तोच कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढावा लागला. त्या वर्षीही रस्त्यांवर, भिंतींवर, इतकेच नव्हे तर उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले. रोग मुख्यतः बंद जागेतील हवेतून पसरतो आणि खिडकी उघडणे हा फवाऱ्यापेक्षा चांगला उपाय आहे, हे सर्वमान्य व्हावयास वेळ लागला. जे दिसते ते आधी धुवावे, आणि ज्याच्यावर जोर चालतो त्याचे आधी धुवावे, ही खोड सव्वाशे वर्षांत पुरती गेलेली नाही.

आमचे वर्तकनगर ही मुळात गृहनिर्माण मंडळाने वसविलेली वसाहत. सर्वसाधारण मिळकतीच्या माणसालाही हवाउजेडाचे घर मिळाले पाहिजे, या विचाराच्या मुळाशी इतर अनेक गोष्टींबरोबर त्या प्लेगच्या हिवाळ्याची आठवणही आहे. आज येथील कमी उंचीच्या जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. घर मोठे होणार, पंप-लिफ्ट येणार, याचा आनंद आहेच. पण नकाशा समोर येईल तेव्हा खोल्यांचे चौरस फूट मोजून आपण थांबू नये. दोन इमारतींमध्ये अंतर किती, खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ऊन किती वाजता येणार, कचरा कोठे जाणार आणि तो उचलणाऱ्या माणसाला काय सोय, हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत. दिवाळीची जळमटे दर वर्षी निघतात. चुकीच्या जागी उठलेली भिंत मात्र केरसुणीने निघत नाही. सत्त्याण्णव साली लोकांना न विचारता त्यांची घरे साफ केली गेली. आपल्याला निदान सभेची सूचना तरी येते. त्या सभेला जावे, आणि घरातील केर काढणाऱ्या बाईमाणसांना बरोबर न्यावे. घरात ऊन कोठून येते आणि ओल कोठे धरते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.