गेंड्याच्या गळ्यांतील गांठ

भंडारा जिल्ह्यांतील साकोलीच्या आसपासचे, कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस पुढील विषय जड वाटणार नाहीं. पावसाचें पाणी तलावांत सांठवावयाचें व धानाच्या बांधींत बेताबेतानें सोडावयाचें, हा त्या शेतीचा प्राण. आपल्या शरीरांतही असाच एक तलाव आहे. तो म्हणजे हाडांचा सांगाडा. त्यांत सांठलेली वस्तु म्हणजे चुन्यांतील मूलद्रव्य, कॅल्शियम. रक्त ही बांधी, आणि राखणदार म्हणजे गळ्यांतील चार ग्रंथी, एकेक जवळजवळ तांदळाच्या दाण्याएवढी.

या ग्रंथी प्रथम दृष्टीस पडल्या त्या आपल्याकडील एका प्राण्यांत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें १८३४ सालीं एक हिंदुस्थानी गेंडा विकत घेतला होता. १८४९ च्या अखेरीस तो मेला, तेव्हां रिचर्ड ओवेन यांनीं त्याचें विच्छेदन केलें आणि थायरॉइड नांवाच्या कंठग्रंथीस चिकटलेली एक लहान, पिवळसर गांठ टिपून ठेविली. तिचें कार्य काय, हें मात्र कोणास कळलें नाहीं.

पुढें १८७७ सालीं उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यास कुत्र्याच्या गळ्यांत तीच गांठ आढळली. त्यानें पन्नास मानवी प्रेतें तपासलीं, तिला पॅराथायरॉइड हें नांव दिलें, आणि १८८० सालीं आपला निबंध स्वीडिश भाषेंत प्रसिद्ध केला. तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८८९ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, सँडस्ट्रॉमनें आत्महत्या केली. दोनच वर्षांनीं फ्रान्समध्यें ग्ले यांनीं या ग्रंथींचें महत्त्व पुन्हां पुढें आणिलें.

दैवाचा खेळ असा कीं, याच काळांत व्हिएन्नांत बिलरोट यांच्यासारखे निष्णात शस्त्रवैद्य गलगंडावर शस्त्रक्रिया करीत होते, आणि त्यांचे कांहीं रोगी नंतर हातपाय आंखडून झटक्यांनीं तळमळत. व्होल्फ्लर यांनीं १८७९ सालीं त्याचें वर्णनही केलें. गलगंडाबरोबर राखणदार कापला जात होता, पण त्याची नोंद कोणाच्याच वहींत नव्हती! झटक्यांचा व कॅल्शियमचा संबंध १९०९ सालीं अमेरिकेंत मॅककॅलम व व्होग्टलिन यांनीं दाखविला.

निरोगी माणसाच्या रक्तद्रवांत दर शंभर घनसेंटिमीटरांस सुमारें ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तें घटूं लागलें कीं या ग्रंथी आपला स्राव रक्तांत सोडतात. तो हाडांतून कॅल्शियम काढवितो. मूत्रपिंडांकडून कॅल्शियम राखवितो व फॉस्फेट बाहेर टाकवितो. शिवाय तेथेंच ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देववून आंतड्यांस अन्नांतील कॅल्शियम अधिक शोषावयास लावितो. स्नायु, मज्जा व हृदय यांचें काम या पातळीवर चालतें. पण राखणदारच माजला तर तलाव उपसला जातो: हाडें पोकळ होतात, मूत्रपिंडांत खडे धरतात, आणि मनुष्य तहानेनें व ग्लानीनें हैराण होतो.

या उलट्या प्रकारानेंच विद्वानांस चकविलें. हाडांच्या रोगांत ही ग्रंथि वाढलेली दिसे. त्यावरून व्हिएन्नाच्या एर्डहाइम यांनीं अनुमान केलें कीं हाडें बिघडल्यामुळें ती भरपाईसाठीं वाढते. अनुमान सर्वस्वी वेडगळ नव्हतें, कारण कांहीं रोगांत तसें खरोखरच घडतें. परंतु फेलिक्स मांडल यांच्यापुढें एक ट्रामवाहक आला, ज्याचीं हाडें ठिसूळ होऊन दुखत होतीं. प्रचलित मतास अनुसरून मांडल यांनीं त्यास आणखी ग्रंथि बसविली. गुण आला नाहीं. मग १९२५ सालीं त्यांनीं गळा उघडून ग्रंथीचें अर्बुद काढून टाकलें, आणि रोग्याच्या वेदना ओसरल्या. प्रचलित मताविरुद्ध शस्त्र धरण्याचें हें धैर्य आम्हांस त्या शस्त्रक्रियेहूनही मोठें वाटतें. कांहीं वर्षांनीं दुखणें उलटलें व त्यांतच तो रोगी दगावला, हेंही सांगितलें पाहिजे.

त्याच १९२५ सालीं कॅनडांत, इन्सुलिनच्या शुद्धीकरणांत ज्यांचा हात होता त्या कॉलिप यांनीं या ग्रंथीचा प्रभावी अर्क तयार केला. रक्तांतील या स्रावाचें मोजमाप मात्र १९६३ पर्यंत थांबलें. तें बर्सन व यालो यांनीं साधलें. आतां साध्या रक्ततपासणींत कॅल्शियम वाढलेलें आढळून हा रोग पुष्कळदां हाडें दुखूं लागण्यापूर्वींच उघडकीस येतो.