ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग

ट्रंक कॉल स्वतः लावलेली माणसं मुंबईतल्या वाकोल्यात आता पन्नाशीपुढचीच सापडतात. १८० फिरवायचा, गावचा नंबर सांगायचा आणि बसून राहायचं. ऑपरेटर विचारायची, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. माझी मावशी ट्रंक बोर्डावर होती. प्रत्येक कॉलची चिठ्ठी व्हायची आणि कोकणाकडच्या लाइनी मोजक्याच. लाइटनिंगची चिठ्ठी आली की ती सगळ्यांच्या वर. ऑर्डिनरीवाला सकाळी नंबर लावून दुपारी चिपळूणशी ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करत ओरडायचा. आमच्या दत्त मंदिर रोडच्या चाळीत लाइटनिंग लावला म्हणजे कुणीतरी गेलं, हे शेजाऱ्यांना न सांगता कळे.

१९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट लागणारा फोन, सुरू झाली. पुढे मुंबईत नाक्यानाक्यावर पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या आणि चिठ्ठ्या संपल्या. रांग मात्र संपली नाही, ती यंत्राच्या पोटात गेली.

१९८१ साली इंटरनेट प्रोटोकॉलचा जो दस्तऐवज निघाला, त्यात प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, माथ्यावर तीन बिट अग्रक्रमासाठी राखले होते. आठ पायऱ्या, रुटीन, प्रायॉरिटी, इमीजिएट, फ्लॅश अशी खालून वर जाणारी नावं, थेट अमेरिकी लष्कराच्या संदेशांच्या भाषेतली. १९९८ मध्ये तिनाचे सहा बिट झाले, म्हणजे चौसष्ट खुणा. फोनवरच्या आवाजाला त्यातली ४६ नंबरची खूण देतात.

मी वाकोल्यात राहतो आणि पलीकडे बीकेसीतल्या ऑफिसांचे नेटवर्कचे स्विच लावून देतो. आवाजाच्या एका पॅकेटात साधारण वीस मिलिसेकंदांचं बोलणं मावतं. ते पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांहून फार जास्त लागले, की दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. फाइल अर्धा सेकंद थांबली तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आवाज पुढच्या रांगेत.

पण खूण खरी कशावरून? आपल्याला घाई आहे असं कुठलाही कंप्युटर सांगेल. त्यामुळे कुठल्या पोर्टवरच्या खुणेवर ‘ट्रस्ट’ ठेवायचा, हे स्विचला सांगावं लागतं. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० स्विचवर क्यूओएस, म्हणजे ही अग्रक्रमाची व्यवस्था, चालू केलं आणि ट्रस्ट सांगायचा राहिला, तर आत येणारी प्रत्येक खूण पुसून शून्य होते. फोनने इमानदारीने लावलेली ४६ सुद्धा. मग लोक म्हणतात, क्यूओएस लावल्यापासून फोन बिघडले.

दुसरी कटकट माणसांची. प्रत्येक खात्याला आपलंच काम लाइटनिंग वाटतं, साहेबांच्या लॅपटॉपला तर हमखास. पुढची रांग सगळ्यांना दिली तर ती कुणालाच दिली नाही असं होतं, आणि तिला मर्यादा नसली तर मागचे उपाशी मरतात. लिंकच्या एक तृतीयांशाहून जास्त तिला देऊ नये, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

मावशीच्या बोर्डावर पैसा बोलायचा. इथे कुणाला किती उशीर खपतो ते बोलतं. हा न्याय मला जास्त पटतो. तरी ट्रंकची रांग मोडली ती लाइनी वाढल्या म्हणून, लाइटनिंगमुळे नव्हे. जिथे तुंबलेलंच नाही, तिथे या सगळ्या रांगा नुसत्या बसून असतात. तेव्हा क्यूओएससाठी माणूस बोलावण्याआधी लिंक खरंच भरते का, आणि कधी भरते, ते आठवडाभर मोजून घ्या.