पिंपरीचे पेनिसिलिन आणि कोंबडीत उरणारे औषध

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने पिंपरीतून जाताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तुम्ही पाहिला असेल. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

तेव्हा पेनिसिलिनची ताकद मोजायची पद्धत साधी होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मध्ये औषधाचा थेंब ठेवायचा. औषधाभोवती जंतू मरून स्वच्छ कडे तयार होते. कडे जितके मोठे, तितके औषध जोरदार. हे कडे लक्षात ठेवा, कारण मांसात औषध उरले आहे का, हे शोधायलाही पुढे तेच कामी आले. औषधाऐवजी मांसाचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा ठेवायचा, एवढाच फरक.

ही गरज का पडली? १९५० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की खाद्यात थोडे ऑरिओमायसिन मिसळले तर कोंबड्या भराभर वाढतात. मग आजारी नसलेल्या पक्ष्यांनाही प्रतिजैविके मिळू लागली. पहिली तक्रार मात्र दुधावरून आली. कासदाहासाठी गाईंना पेनिसिलिन दिले, की त्यांच्या दुधाचे चीज नीट होईना, कारण विरजणाचे जंतूच मरत. (आपल्याकडे दही लागले नाही तर आपण थंडीला दोष देतो!) १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने माणसांची औषधे वाढीसाठी जनावरांना देऊ नका असे बजावले. युरोपने वाढीसाठीचा हा वापर पूर्ण थांबवायला २००६ उजाडले.

आता प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटर असतात. एक किलो मांसातले ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतके औषधही ते नाव-गावासकट सांगतात. प्रत्येक औषधासाठी कमाल मर्यादा ठरलेली असते. शेवटचा डोस आणि कत्तल यांत ठरावीक दिवस गेले, तर औषध शरीराबाहेर पडते आणि मांस मर्यादेत बसते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच बाजारात जातो, त्यामुळे हे दिवस पाळणे शेतकऱ्याला जड जाते.

२०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले. त्यांतल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविके सापडली. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतर औषधे हरली की अतिदक्षता विभागात आम्ही कोलिस्टिनकडे वळतो. ते कोंबडीच्या खाद्यात घालणे म्हणजे घरातला शेवटचा दिवा अंगणात जाळण्यासारखेच होते.

एक गोष्ट समजून घ्या. ही तपासणी उरलेले औषध पकडते, औषधाला सरावलेले जंतू नाही. औषध मर्यादेत असूनही असे जंतू मांसावर असू शकतात. नीट शिजवल्यावर जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र पूर्ण जाईलच असे नाही. म्हणून कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका, पाणी ओट्यावर उडते. त्याची सुरी कोशिंबिरीला वापरू नका. आणि ‘हार्मोनची इंजेक्शने मारतात’ ही भीती सोडून द्या. ब्रॉयलर भराभर वाढतो तो निवडक पैदास आणि खाद्यामुळे.